नाल्याकडची नऊ मिनिटं

४ फेब्रुवारी

आत्या,

अख्ख्या ऑफिसचे फोन तू उचलतेस, माझाच तेवढा उचलत नाहीस. काल मुद्दाम तुमच्या बोर्डवर फोन केला, तर माझा आवाज ओळखून "जोडून देते" म्हणालीस आणि खरंच मला क्लेम सेक्शनला जोडून दिलंस! तिथल्या माणसाला मी काय सांगणार होते? माझी आत्या रुसून गेलीय, त्याचा क्लेम कुठे करायचा?

म्हणून पत्र. बाबा म्हणाले, "लिहून पाठव. बहीण कुणाची आहे! ऐकून घेणार नाही, पण वाचेल." हॉस्टेलचा पत्ता त्यांनीच दिला. ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. माझ्याशी मात्र जेवताना मीठ-पाण्यापुरतंच बोलतायत.

आत्या, मला खरंच कळत नाहीये की माझं काय चुकलं. नऊ दिवस झाले. रविवारी सकाळी उठले तर तुझा पलंग आवरलेला, कपाटावरची बॅग गायब, आणि फ्रिजवर चिठ्ठी, "हॉस्टेलवर खोली मिळाली आहे. काळजी नको." काळजी नको काय? तीन वर्षांची होते तेव्हापासून त्या खोलीत मी तुझ्याबरोबर झोपतेय. मला घोरण्याशिवाय झोप येत नाही. (तुझ्या. माझ्या नाही.)

मला वाटलं होतं तू खूश होशील. माझी पहिली नोकरी, पहिला रिपोर्ट, आणि त्यात तू! तुला सगळं माहीत होतं. रोज जेवणाच्या टेबलावर मी मीठदाणी म्हणजे तुमचं ऑफिस, पाण्याचा तांब्या म्हणजे बँक असं मांडून तुला मेट्रो स्टेशनच्या दोन्ही जागा समजावल्या होत्या. एक चौकाची जागा, तुमच्या दारापासून साठ मीटरवर. पण तिथे खणायचं तर बँकेचं पार्किंग तीन वर्षं बंद, खालच्या सगळ्या पाइपलाइन हलवायच्या. दुसरी नाल्याकडची, मोकळी, सरकारी, कुणाची कटकट नाही. फक्त तिथून तुमच्या ऑफिसच्या रांगेपर्यंत चारशे तीस मीटर चालायचं. आमच्या कामात नियम असा की ज्याला चालायला त्रास होतो त्यालासुद्धा स्टेशनपासून कामाच्या जागी दहा मिनिटांत पोचता आलं पाहिजे. तसं जमत असेल तर जागा "सर्वांसाठी सोयीची".

तू नऊ मिनिटांत पोचलीस. मी घड्याळात जे दिसलं ते लिहिलं. पान ४१ वर तुझं नावसुद्धा नाहीये, "दिव्यांग महिला, वय ५४, उजव्या पायात कॅलिपर, हातात काठी" एवढंच आहे. मग चिडायचं कशासाठी?

२५ तारखेला जनसुनावणी आहे. त्यानंतर जागा कायमची ठरेल. त्याआधी घरी ये ना.

तुझी,
घाईबाई


९ फेब्रुवारी

आत्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पण तुझीच भाची आहे.

शुक्रवारी मी तुमच्या ऑफिसवर आले होते. तुला भेटायला नाही, तुला पकडायला. साडेनऊला आले आणि खाली थांबले. दहा वाजले तरी तुझा पत्ता नाही. तुमच्या वॉचमनना विचारलं, तर ते हसले. म्हणाले, "कुठल्या जगात आहात? बाई सव्वाआठला येतात. कुलूप मी त्यांच्यासाठीच लवकर काढतो."

मी म्हटलं, "ऑफिस तर दहाचं आहे."

"हो. पण जिना चढताना मागेपुढे कुणी नको असतं त्यांना. तेवीस वर्षं बघतोय. संध्याकाळी पण सगळे गेल्यावर उतरतात." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुम्ही त्यांच्या घरच्या ना?"

मला तिथल्या तिथे जमिनीनं गिळावं असं झालं. तू रोज सातला घरातून निघायचीस तेव्हा मला वाटायचं, टेलिफोन ऑपरेटरला लवकर जावं लागत असेल. बोर्ड वगैरे चालू करायला. मी चोवीस वर्षांची आहे, लोक कसे चालतात हे शिकायला पाच वर्षं कॉलेजात घालवली, आणि घरातलं माणूस तीन तास आधी का निघतं हे कधी विचारलं नाही.

काल शनिवारी, तुमचा अर्धा दिवस, मी आठ वाजताच समोरच्या चहाच्या टपरीमागे उभी राहिले. तुझी बस चौकात थांबली, अगदी दाराजवळ. तू उतरलीस. बाहेरच्या अकरा पायऱ्या. सवयीने माझा हात घड्याळावर गेला, म्हणजे चालू झालंच ते. चार मिनिटं दहा सेकंद. सातव्या पायरीवर तू थांबलीस आणि पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलंस. रस्त्यावर काळं कुत्रं नव्हतं, तरी केलंस.

मी पुढे आले नाही. आले असते तर तू मला माफ केलं नसतंस हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

अकरा पायऱ्यांना चार मिनिटं लागणारी बाई चारशे तीस मीटर नऊ मिनिटांत कशी चालेल? हे मला आधी कळायला हवं होतं. सांगते काय झालं ते.

आमचा एक नियम आहे. ज्याची मोजणी चाललीय त्याच्या दहा पावलं मागे राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. बोललं की माणूस वेग बदलतो. आमच्याकडे मोजणीचं चाक ढकलणारे एक काका आहेत, सगळे त्यांना चाकवाले काकाच म्हणतात. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माणूस एकटा असला की पायाने चालतो. कुणी बघत असलं की तोंडाने चालतो."

आणि मी तुझ्या शेजारून चालत होते. बडबड करत. "आत्या, मस्त चाललंय! आत्या, सहा मिनिटं झाली, अर्ध्याहून जास्त झालं!" तू हसत होतीस. तुझ्या वरच्या ओठावर घाम होता, जानेवारीत. मला वाटलं, वा, आत्या काय फिट आहे.

शिवाय तो रविवार होता. तूच म्हणालीस रविवारीच जाऊ. रस्ता रिकामा, गेटं बंद, एक गाडी मध्ये आली नाही. आमच्या फॉर्मवर "कामाचा दिवस / सुट्टीचा दिवस" असा रकाना आहे. तो मी कोरा ठेवला. विसरले नव्हते.

आणि अजून एक, जे तुला बहुतेक माहीत आहे, म्हणूनच तू गेलीस. पान ५८. मेट्रो चालू झाली की चौकातली बस बंद.

घाईबाई


१४ फेब्रुवारी

आत्या,

मागच्या पत्रात सगळं लिहिलं असं मला वाटलं होतं. पोस्टात टाकलं आणि घरी येईपर्यंत कळलं की नाही लिहिलं.

त्या रविवारी संध्याकाळी तू बाथरूममध्ये बराच वेळ होतीस. मी टॉवेल द्यायला आले आणि दार ढकललं. तू स्टुलावर बसली होतीस, कॅलिपर काढून ठेवलेलं, पाय बादलीत. पाणी लालसर होतं. मांडीला जिथे पट्टा येतो तिथली कातडी सोलून निघाली होती, तळहाताएवढी. तू म्हणालीस, "दार लाव गं, वारं येतंय."

मी दार लावलं.

पाच मिनिटांनी तू बाहेर आलीस आणि विचारलंस, "पुरतील ना नऊ मिनिटं?" मी म्हटलं, "पुरतील काय, धावतील!" तू हसलीस आणि झोपायला गेलीस, साडेसातला, न जेवता.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला द्यायचा होता. म्हणजे माझ्याकडे अख्खी संध्याकाळ होती आणि सकाळ होती. एक ओळ बदलायची होती. किंवा ती ओळ काढूनच टाकायची होती. मी लॅपटॉप उघडला, ती ओळ वाचली, आणि नकाशातल्या नाल्याचा निळा रंग जास्त गडद केला. खरंच. एक तास मी तो निळा नीट करत होते.

कारण दहाच्या आत होतं. सर त्या आठवड्यात तीनदा विचारून गेले होते, "आपल्याकडे दिव्यांगांची एक तरी मोजणी आहे का? दहाच्या आतली?" आणि सोमवारी त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. "नवीन पोरगी बघा, घरातून सर्व्हे करून आणला." सगळे हसले. मी पण.

आत्या, तू माझ्यासाठी चाललीस. तुला स्टेशनशी काही घेणं नव्हतं, तुला वाटलं पोरीच्या पहिल्या कामाला आपण कमी पडायला नको. आणि मला ते दिसलं होतं. घड्याळात दिसलं ते लिहिलं असं पहिल्या पत्रात म्हटलं ना मी, ते खोटं आहे. मला बादली पण दिसली होती.

बाबांना यातलं काही माहीत नाही. मी आज सांगणार आहे. बघू, जमलं तर.


१९ फेब्रुवारी

आत्या,

बाबांना सांगितलं. ते उठून तुझ्या खोलीत जाऊन बसले. आईने मला ताट वाढलं आणि म्हणाली, "जेव. आणि उद्या ऑफिसात पण सांग." म्हणजे आईच्या मते मी इथपर्यंत थांबणार होते. तिचा अंदाज चुकीचा नव्हता.

सरांना काल सांगितलं. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी दार लावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. त्याची जास्त भीती वाटली.

म्हणाले, "नऊ चूक. बरं. मग बरोबर किती?"

मी म्हटलं, "माहीत नाही सर. पण नऊ नाही."

"नऊ नाही हा काही आकडा झाला का? पंचवीस तारखेला तू उभं राहून सांगणार, आमचा आकडा चूक आहे. समिती विचारेल, मग खरा काय. तू म्हणणार, ठाऊक नाही. मग ते काय करतील?"

"रकाना कोरा ठेवतील."

"आणि कोरा म्हणजे?"

आमच्याकडे कोरा रकाना म्हणजे "हरकत नाही". हे मीच तुला एकदा टेबलावर मोठ्या रुबाबात समजावलं होतं.

सर वाईट नाहीत आत्या. म्हणजे मला ते तसे वाटायला हवे होते, सोपं झालं असतं. दार उघडताना म्हणाले, "चौकाच्या जागेसाठी मी दोन वर्षं भांडलोय. बँकेने हलू दिलं नाही. तुझे नऊ आले, मी सुटलो. मला पण ते हवेच होते." मग म्हणाले, "पुन्हा मोजणी आणलीस तर मी मांडेन. नाही आणलीस तर तू तुझं बोल, पण मग तुझी खुर्ची मला वाचवता येणार नाही."

जिन्यात चाकवाले काका भेटले. त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं. म्हणाले, "दुसरं कुणी चालवून भागणार नाही. पान ४१ वर ज्या बाई आहेत, त्याच पाहिजेत. नाहीतर म्हणतील, एकीला जमतं, दुसरीला नाही, म्हणजे दुसरीचाच दोष."

म्हणून हे पत्र. आता जे लिहिणार आहे ते लिहिताना मी दोनदा उठून आलेय.

पुन्हा चालशील का?

मी काय मागतेय ते मला माहीत आहे. या वेळी मोजणी कामाच्या दिवशी लागेल, गर्दीच्या वेळी, साडेनऊला. त्या रस्त्यावर तेव्हा तुमचं सगळं ऑफिस असतं. आणि तुला तुझ्या खऱ्या वेगाने चालावं लागेल, जिथे बसावंसं वाटेल तिथे बसावं लागेल. म्हणजे तेवीस वर्षं सव्वाआठला येऊन तू जे कुणाला दिसू दिलं नाहीस, ते सगळ्यांना दाखवायचं. माझ्या चुकीसाठी.

नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. नऊ मी मागे घेणारच आहे, ते तुझ्यावर नाही. फोन उचलायची गरज नाही. काकांचा नंबर खाली लिहिलाय, त्यांना सांगितलंस तरी चालेल.

आणि मांडीची जखम भरलीय का, हे मी अजून एकदाही विचारलं नाही. भरलीय का?


२७ फेब्रुवारी

आत्या,

आधी परवाचं सांगते, कारण ते तुला अजून कुणी सांगितलं नसेल. सुनावणीत सरांनी नवा आकडा स्वतः मांडला. मग मी उभी राहिले आणि सांगितलं की जुना आकडा मी मागे घेतेय. समितीतले एक गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे आधी खोटं लिहिलं होतं?" मी विचार करून आले होते, की असं झालं, तसं झालं, रविवार होता, घाई होती. तोंडातून फक्त "हो" आलं. हॉलमध्ये कुणीतरी "अरे बापरे" म्हणालं. बँकेचे वकील लगेच उठले. एकदा खोटं बोललेल्या माणसाचा दुसरा आकडा का धरायचा, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. तेव्हा चाकवाले काका मागच्या रांगेतून, माइक न घेता ओरडले, "दुसरा आकडा माझ्या चाकाचा आहे, पोरीचा नाही!"

नाल्याची जागा थांबवलीय. रद्द नाही केली, थांबवलीय. दोन्ही जागा पुन्हा मोजायच्या, कामाच्या दिवशी, सहा वेगवेगळी माणसं घेऊन. चौकातली बस तोपर्यंत चालू राहणार. पुढे काय होईल कुणालाच माहीत नाही, बँक गप्प बसणार नाही असं सगळे म्हणतायत. मला या कामावरून काढून पार्किंगमधल्या गाड्या मोजायला बसवलंय. सर माझ्याशी कामापुरतं बोलतात. घरी बाबा पण तसंच. सवय होतेय.

पण मला लिहायचं आहे ते सोमवारचं.

तू मला कळवलं नाहीस. काकांना फोन करून म्हणालीस, "सोमवारी साडेनऊ. भाची आली तरी चालेल, बोलली तर मी परत जाईन." काकांनी मला तुझ्याच आवाजात सांगितलं.

मी दहा पावलं मागे होते. काका चाक घेऊन माझ्या बाजूला. तू मागे बघितलं नाहीस. पहिल्या गेटपाशी फुटपाथ एकदम खाली उतरतो, तिथे तू काठी आधी टेकलीस, मग पाय, मग उभी राहिलीस. मागून लोक आले. आधी थांबले, मग "जरा सरका" म्हणाले, मग बाजूने गेले. अशी सात गेटं आहेत त्या रस्त्यावर. नकाशात मी ती छोट्या छोट्या रेघांनी दाखवली होती, छान दिसत होत्या.

तिसऱ्या गेटाजवळ तुमच्या क्लेम सेक्शनचे ते गृहस्थ भेटले, ज्यांना तू मला जोडून दिलं होतंस. आवाजावरून ओळखलं मी. "अहो बाई, तुम्ही इथे? हात देऊ का?" तू म्हणालीस, "नको. मोजणी चालू आहे." त्यांना काही कळलं नाही, ते आपले तुझ्याबरोबर चालायला लागले, तर तू म्हणालीस, "आणि बरोबर चालू नका. मी भरभर चालायला लागते."

मी खाली बघितलं तेव्हा.

आठव्या मिनिटाला झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर बसलीस. दुकानदाराने आतून स्टूल आणलं, तू नको म्हणून मान हलवलीस. पंधराव्या मिनिटाला बँकेबाहेरच्या कुंडीच्या कठड्यावर. तोवर तुमच्या ऑफिसची बरीच माणसं होती रस्त्यावर. काही जण तुला बघून पलीकडे गेले. काही थांबले, मोबाइलकडे बघत. तू पर्स उघडली नाहीस. नुसती बसलीस, जशी बाई दमल्यावर बसते.

आणि मग शेवटच्या गेटानंतरची ती भिंत. तिच्या कट्ट्यावर कुणी बसू नये म्हणून लोखंडी टोकं लावलीयत. तू तिथे उभी राहिलीस, दोन्ही हात काठीवर. तीन मिनिटं. मी तीन मिनिटं काही केलं नाही आत्या. आयुष्यात एवढं अवघड काही केलं नाहीये मी.

सव्वीस मिनिटं.

जिन्यापाशी काकांनी फॉर्म भरला. वार, वेळ, अंतर. शेवटी "शेरा" म्हणून रकाना असतो, तो कधीच कुणी भरत नाही. काका घडी घालायला लागले तर तू म्हणालीस, "थांबा. लिहा. दोनदा बसले. तिसऱ्यांदा बसायचं होतं, जागा नव्हती."

काकांनी लिहिलं.

मग चार आठवड्यांत पहिल्यांदा तू माझ्याकडे बघितलंस. वाटलं आता ओरडशील. वाटलं जवळ घेशील. तू काकांना म्हणालीस, "आणि खाली हिची सही घ्या. सोबत होती म्हणून."

मी सही केली. मान वर केली तर तू जिन्याकडे वळली होतीस. दहाला मिनिटभर कमी होतं, तुमचं अख्खं ऑफिस तेव्हाच जिना चढत होतं. तू कठडा धरलास. मागे रांग लागली. कुणीतरी "चला, चला" म्हणालं. तू सातव्या पायरीवर थांबलीस, आणि तुझ्या मागे सगळे थांबले.